वाळत घातलेला आठवडा

सोमवार ते रविवार या सात दिवसांत एक शिवलेली वही, धुतलेलं शाईचं पेन, साफ करून तेल दिलेली सायकलची साखळी, जलरंगातलं एक चित्र आणि मोठ्या कुंडीत हलवलेलं एक झाड, एवढं झालं. रोजची नोकरी, स्वयंपाक आणि धुणीभांडी जिथल्या तिथे चालू होती. हात प्रत्यक्ष कामात होते त्याची बेरीज साडेआठ तास. बाकीचा सगळा वेळ गोंद वाळला, कागद दबला, पाणी निथळलं, तेल मुरलं. त्या वेळी तिथे कोणाची गरजही नव्हती.

छंदाला वेळ मिळत नाही म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा सलग वेळ मिळत नाही, असं म्हणायचं असतं. संध्याकाळचा पाऊण तास जवळपास सगळ्यांकडे असतो. त्यात काय बसेल हे ठरवायचं तर प्रत्येक कामाची एक गोष्ट आधी माहीत हवी: ते कुठे अर्धवट ठेवता येतं आणि कुठे ठेवलं की वाया जातं. दुमडलेले कागद आठवडाभर पडून राहिले तरी काही बिघडत नाही, उलट सुधारतात. गोंद लावलेला पुठ्ठा दोन मिनिटंही थांबत नाही. जलरंगाचा ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरलेला थर, तर फोन घ्यायलाही उठू देत नाही. हा आठवडा या एकाच हिशेबावर आखला होता: थांबवता येणारी किंवा तासाभरात संपणारी कामं सोमवार ते शुक्रवार, लांब चालणारी न थांबणारी शनिवार-रविवारी.

सोमवार. वहीचा कागद निवडण्याआधी, पेनात जुनी शाई आहे तोवरच, त्या कागदावर लिहून बघायचं. पेन धुतल्यावर ही चाचणी दुसऱ्या दिवसावर जाते, आणि चाचणी न करता चोवीस कागद दुमडले की पश्चात्ताप ठरलेला. चाचणी सोपी आहे. चार ओळी लिहायच्या, एक शब्द गिरवून जाड करायचा आणि एका जागी निब तीन सेकंद टेकवून ठेवायची. अक्षरांना पिसासारखे फाटे फुटले तर कागदाला सायझिंग, म्हणजे शोषण कमी करणारी खळ, कमी आहे आणि शाई तंतूंतून पसरते. मागच्या बाजूला ठिपका उमटला तर पान एकाच बाजूने वापरता येईल. ९० ते १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) चांगला कागद यात सहसा पास होतो, पण निव्वळ जाडीवर विसंबू नये. जाड पण सायझिंग कमी असलेला कागद पातळ पण घट्ट कागदापेक्षा जास्त शाई पितो.

मग पेन. पाणी साधं, खोलीच्या तापमानाचं. गरम पाण्याने शाई लवकर सुटते हे खरं, पण निबेखालचा, तिला शाई पुरवणारा फीड प्लास्टिकचा किंवा एबोनाइटचा असतो आणि तो वाकला की निबेपासून सुटतो. मग पेन कायमचं अडखळतं. स्पिरिट, थिनर यांचं नावही काढू नये. कन्व्हर्टरने, म्हणजे पेनातल्या शाई ओढायच्या नळीने, पाणी आत ओढायचं, बाहेर सोडायचं, असं दहा-पंधरा वेळा. पाणी स्वच्छ दिसू लागलं म्हणजे झालं असं नाही, कारण फीडच्या पापुद्र्यांमध्ये शाई दडून राहते. निब टिश्यूवर टेकवून बघावी. डागाच्या कडेला रंगाची रेघ दिसत असेल तर अजून चालू ठेवायचं. हट्टी शाईसाठी पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एकच थेंब, आणि नंतर पुन्हा साधं पाणी तितक्याच वेळा, कारण साबण आत राहिला तर पुढची शाई कागदावर पसरते. लोहयुक्त शाई आणि रंगकणांची शाई पेनात महिनोन्‌महिने वाळू देऊ नये. साध्या रंगद्रव्याची शाई पाण्याने पुन्हा विरघळते, या दोन्ही तशा विरघळत नाहीत.

शेवटी निबेला टिश्यू गुंडाळून, निब खाली करून, पेन रात्रभर पेल्यात उभं ठेवायचं. आतलं पाणी टिश्यू ओढून घेतो. हा टप्पा गाळून लगेच शाई भरली तर पहिलं अर्धं पान फिकट उमटतं आणि लोक दोष शाईला देतात.

पेन निथळत ठेवलं की कागद. आणि इथेच घरगुती वही बांधणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक होते, जी वही पूर्ण होईपर्यंत दिसत नाही. कागदाला दिशा असते. कारखान्यात लगदा जाळीवर वाहतो तेव्हा बहुतेक तंतू वाहण्याच्या दिशेला समांतर पडतात. याला ग्रेन म्हणतात. ओलाव्याने तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत बराच फुगतो. त्यामुळे गोंदाचं पाणी लागलं की कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने ताणला जातो. ग्रेन वहीच्या पाठीला, म्हणजे शिवणीच्या कडेला, समांतर असेल तर हा ताण पानाच्या मोकळ्या कडेकडे निघून जातो. आडवा असेल तर पाठीच्या कडेने पानांना कायमच्या लाटा येतात, घडी तडकते आणि उघडलेली वही पान खाली पडू देत नाही, ते ताठ उभं राहतं.

बाजारातला ए४ बहुधा लांब ग्रेनचा असतो, म्हणजे तंतू २९७ मिलिमीटरच्या बाजूला समांतर. तो अर्ध्यात दुमडून ए५ वही केली की घडी बरोबर ग्रेनला आडवी येते. उपाय एकच: लांब ग्रेनचा ए३ घेऊन मधोमध कापायचा. त्यातून निघालेल्या ए४ तुकड्यात तंतू २१० च्या बाजूला समांतर येतात आणि घडी योग्य दिशेने पडते. पाकिटावर खूण नसेल तर कागद न मोडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघावा. ज्या दिशेने सहज वाकतो तिथे वाकेची रेषा ग्रेनला समांतर असते. शंका उरली तर चार सेंटिमीटरचा चौकोन कापून एका बाजूने ओला करावा. तो आपोआप नळीसारखा वळतो, आणि नळीची लांबी म्हणजे ग्रेन. पुठ्ठ्यालाही ग्रेन असतो, कापडालाही, अस्तराच्या कागदालाही. सगळे पाठीला समांतर हवेत. एकही आडवा गेला तर कव्हर ढालीसारखं फुगतं.

चोवीस कागद, चार-चारचे सहा फर्मे, म्हणजे दुमडून एकात एक बसवलेल्या कागदांचे जुडगे. एका फर्म्यात आठ पानं, सोळा पृष्ठं, एकूण शहाण्णव. चारही कागद एकदम दुमडण्यापेक्षा एकेक दुमडून एकात एक बसवले तर घडी धारदार येते. घडी बोटाने नुसती बसवायची आणि मग हाडाच्या किंवा टेफ्लॉनच्या पट्टीने मधून बाहेर एकदाच दाबायची. वारंवार घासलं की कागदाला चकाकी येते, ती जात नाही. सहाही फर्मे एकावर एक, घडीची बाजू आलटूनपालटून, दोन फळ्यांमध्ये, वर पाच-सहा किलो जाड पुस्तकं. रात्रभर. हवा निघून गेल्यावर गठ्ठ्याची जाडी डोळ्यांना दिसेल इतकी कमी होते. इथे वही कितीही दिवस थांबू शकते, आणि अडचणीचा आठवडा असेल तर इथेच थांबवावी.

मंगळवारी भोकं आणि शिलाई. भोकं सहा, डोक्याकडून, म्हणजे वरच्या कडेपासून, १५, ५५, ७५, १३५, १५५ आणि १९५ मिलिमीटरवर. टोकाची दोन गाठीची, मधल्या दोन जोड्या टाक्यांच्या. प्रत्येक फर्म्यावर पट्टी ठेवून मोजायचं नाही. जाड कागदाच्या घडीवर एकदाच खुणा करायच्या आणि तोच साचा सहाही फर्म्यांत आतून ठेवायचा. साच्यावर 'वर' असं लिहून ठेवावं. मापं दोन्हीकडून सारखी आहेत म्हणून उलटा ठेवला तरी चालेल असं वाटतं, पण हाताने केलेल्या खुणा अर्ध्या मिलिमीटरने तरी सरकलेल्या असतातच, आणि उलटा ठेवलेला एक फर्मा शेवटी पायरीसारखा बाहेर येतो. आरी आतून बाहेर, घडीच्या बरोबर टोकातून, पंचेचाळीस अंशात. भोक घडीवरून घसरून बाजूला गेलं तर तिथे कागद फाटतो. भोक दोऱ्याच्या जाडीपेक्षा किंचित मोठं, त्याहून जास्त नाही, नाहीतर नंतर गोंद आत झिरपतो आणि दोन पानं चिकटतात.

दोरा लिननचा, साधारण अर्धा मिलिमीटर जाड. लांबी काढायची रीत: फर्म्याची उंची गुणिले फर्म्यांची संख्या, अधिक एक उंची. इथे सुमारे दीड मीटर. मेणावरून दोनदा ओढला की तंतू बसतात आणि गाठ सरकत नाही. पहिल्या फर्म्यात टोकाच्या भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, तिसऱ्यातून आत, चौथ्यातून बाहेर, पाचव्यातून आत, सहाव्यातून बाहेर. दुसरा फर्मा वर ठेवून उलट प्रवास. फक्त बाहेर आलेली सुई खालच्या फर्म्याच्या टाक्याखालून काढून मगच पुढच्या भोकात घालायची. याने दोन फर्मे पाठीवर एकमेकांत अडकतात. शेवटी पहिल्या दोऱ्याच्या टोकाशी घट्ट गाठ. तिसऱ्या फर्म्यापासून प्रत्येक टोकाला सुई खालच्या दोन फर्म्यांच्या मधून घालून, बाहेर येणाऱ्या दोऱ्याच्या फासातून काढायची, म्हणजे गाठ बसते.

दोरा ओढताना तो पाठीच्या रेषेतच, शिलाई पुढे चालली आहे त्या दिशेने ओढायचा. वर किंवा मागे ओढला की भोकाचा कागद करवतीसारखा चिरतो. नवख्यांची वही सैल होते ती गाठीमुळे क्वचितच; दर फर्म्यानंतर दोरा ताणायचा राहून जातो म्हणून होते. सगळं झाल्यावर ताणू म्हटलं तर ताण पहिल्या फर्म्यापर्यंत पोचत नाही.

भोकं पाडून तीन फर्मे शिवायला पाऊण तास लागला. तिथे थांबायचं असेल तर टोकाची गाठ मारून झाल्यावरच थांबावं, आणि सुई दोऱ्यातच ठेवून फर्म्यात खोचून ठेवावी. मधल्या टाक्यावर सोडलं तर दुसऱ्या दिवशी दोरा कुठून कुठे चालला होता ते उलगडण्यातच दहा मिनिटं जातात. १९२७ साली ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अर्धवट राहिलेली कामं जास्त लक्षात राहतात असं मांडलं होतं. नंतरच्या प्रयोगांत तो परिणाम दर वेळी मिळालेला नाही, आणि शिलाईच्या बाबतीत तरी त्यावर विसंबू नये. चिठ्ठी लिहावी. 'चौथा फर्मा, डोक्याकडून आत', एवढे चार शब्द पुरतात.

याच जागी ट्रेचा उल्लेख करायला हवा, कारण रोजच्या पाऊण तासातली दहा-पंधरा मिनिटं सामान काढण्यात आणि आवरण्यात जातात. एक कडा असलेला मोठा ट्रे घ्यायचा. एका कामाचं सगळं सामान त्यातच राहील, चिठ्ठीसकट. जेवणाचं टेबल लागलं की ट्रे उचलून कपाटावर. दोन कामांचं सामान एका ट्रेमध्ये ठेवू नये, विशेषतः कागद आणि तेल.

बुधवारी उरलेले तीन फर्मे, मग अस्तर आणि पाठ. अस्तर म्हणजे दुमडलेला एक जाडसर कागद पुढे आणि एक मागे, घडीच्या कडेला तीन-चार मिलिमीटर गोंदाची पट्टी लावून चिकटवलेला. पट्टी सरळ येण्यासाठी दुसरा कागद वर ठेवून तेवढीच कड उघडी सोडायची आणि ब्रश फिरवायचा. मग वहीचा गठ्ठा पाठीवर आणि डोक्यावर आपटून सारखा करायचा, दोन फळ्यांत धरायचा, पाठ दोन मिलिमीटर बाहेर. पीव्हीए, म्हणजे पांढऱ्या गोंदाचा पातळ हात फर्म्यांच्या फटींत जाईल असा. त्यावर जाळीदार सुती कापड, दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर बाहेर येणारं, उंचीत वहीपेक्षा दोन्हीकडे सेंटिमीटरभर कमी. वरून गोंदाचा दुसरा हात. हे सगळं वीस मिनिटांचं काम, पण सुरू केलं की संपवायचंच. रात्रभर वाळणं.

गुरुवारी वहीला हात लावला नाही, कारण गुरुवार साखळीचा होता. साखळीचं काळं तेल नखांच्या कडेला चिकटून राहतं. साखळी आणि शिलाई एका संध्याकाळी करणारा माणूस कागदावर बोटांचे ठसे सोडतोच. रविवारच्या फेरीसाठी तेल गुरुवारी देण्याचं दुसरं कारण तेलातच आहे, ते पुढे येईल.

आधी झीज मोजायची, कारण झिजलेली साखळी घासूनपुसून काही उपयोग नाही. साखळीच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. म्हणजे चोवीस अंतरं मिळून ३०४.८. साखळी ताणलेली असताना एका पिनेच्या मध्यापासून चोवीस पुढची पिन स्टीलच्या पट्टीने मोजायची. अकरा-बारा गिअरच्या साखळीला ३०६.३ म्हणजे ०.५ टक्के आलं की बदलायची, दहा किंवा कमी गिअरच्या साखळीला ३०७.१ म्हणजे ०.७५ टक्के. लोक 'साखळी ताणली गेली' म्हणतात, पण लोखंडाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचा आतला भाग जरासा झिजतो, आणि असे चोवीस जरासे मिळून दीड मिलिमीटर होतात. लांब झालेली साखळी दात्यांच्या टोकाकडे चढते आणि मग दातेही खाते.

झीज आत होते, म्हणून तेलही आतच हवं. फडक्यात साखळी धरून पेडल उलटं फिरवायचं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. फारच किटलेली असेल तर डीग्रीझर, म्हणजे तेलकट मळ काढणारा द्रव, पण त्यानंतर साखळी पूर्ण सुकू द्यायची; आत पाणी असताना वर तेल दिलं तर पाणी आतच कोंडतं. मग खालच्या पट्ट्यावर, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब. शंभरावर दुवे असतात, म्हणून जोडदुव्याला खडूची खूण करून तिथून सुरू करावं आणि तिथे संपवावं. धार सोडून पेडल गरगर फिरवणं हा आळस आहे आणि निम्मं तेल जमिनीवर जातं. मेणयुक्त किंवा कोरड्या तेलात एक द्रव असतो जो उडून गेल्यावरच मेण आत बसतं, त्याला काही तास लागतात. लगेच सायकल काढली तर तो द्रव मेणासकट उडून चाकावर जातो. म्हणून रात्री तेल, सकाळी पुसणं. सकाळचं पुसणं गाळू नये: बाहेरचं तेल काहीही काम करत नाही, फक्त धूळ धरतं, आणि तेल-धूळ मिळून चांगली पॉलिशपेस्ट होते. तेलाचा हात डिस्कला किंवा रिमला लागू द्यायचा नाही. बस, पस्तीस मिनिटं.

शुक्रवार जड होता. कव्हर आणि चित्राचा कागद, दोन्ही ओली कामं, दोन्ही रात्रभर वाळणारी, म्हणून मुद्दाम एका दिवशी.

कव्हरची मापं: दोन मिलिमीटर पुठ्ठा, उंची २१६ (वहीपेक्षा वरखाली तीन-तीन जास्त), रुंदी १४४ (वहीपेक्षा चार कमी). पाठीची पट्टी वहीची जाडी अधिक दोन पुठ्ठ्यांची जाडी. जाडी शिवल्यानंतर मोजायची, आधी नाही, कारण दोऱ्याने पाठ फुगते. पट्टी आणि पुठ्ठा यांत सात मिलिमीटर खाच. खाच पाचवर आणली तर कव्हर उघडताना अस्तर ओढलं जातं आणि पहिलं पान सुरकुततं. दहावर नेली तर वही कव्हरमध्ये लोंबते. कापड चारही बाजूंना पंधरा मिलिमीटर जास्त. कोपरा कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून तीन मिलिमीटर, म्हणजे पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट, कापड सोडायचं. कमी सोडलं तर कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतो.

नुसता पीव्हीए इथे फार लवकर धरतो. मोठ्या कापडाला लावेपर्यंत पहिली कड सुकायला लागते. निम्म्याला निम्मी मिथाइल सेल्युलोजची खळ मिसळली की काही मिनिटं जास्त मिळतात. नुसत्या खळीत पाणी जास्त, म्हणून कापड जास्त ताणतं आणि वाळताना पुठ्ठ्याला ओढतं. सकाळी कव्हर बाहेरच्या बाजूला थोडं वाकलेलं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. आतून अस्तर लागल्यावर ते उलटीकडे ओढतं आणि हिशोब बराचसा जुळतो. इथे फोन बंद ठेवावा. सगळे तुकडे कापलेले, खुणा केलेल्या, गोंद ढवळलेला, ओलं फडकं हाताशी, आणि मगच ब्रश.

चित्राच्या कागदाला वीस मिनिटं. ३०० जीएसएमचा कागदही भरपूर पाण्याने फुगतो आणि खळग्यांत रंग साठतो. म्हणून पाच-आठ मिनिटं पाण्यात बुडवून, निथळवून, जाड प्लायवूडवर पसरायचा आणि कडांना पाण्याने ओली करायची तपकिरी गोंदपट्टी लावायची. मास्किंग टेप ओल्या कागदाला धरत नाही. फळी आडवीच ठेवायची. भिंतीला टेकवली तर पाणी खाली उतरून खालची पट्टी सुटते. सुकताना कागद आकसतो, पट्टी धरून ठेवते, आणि सकाळी वाजवला तर डफासारखा आवाज येतो.

शनिवार सकाळ चित्राची, अडीच तास, दार लावून. जलरंगात मध्येच थांबायच्या जागा असतात, पण त्या कागद ठरवतो. मोठ्या आकाशाचा सपाट वॉश द्यायचा तर वाटेल त्याच्या दुप्पट रंग आधी कालवून ठेवायचा, कारण मध्ये पुन्हा कालवलेली छटा कधीच तीच येत नाही आणि कालवेपर्यंत कड सुकते. फळी पंधरा अंश तिरपी. पहिला आडवा फटकारा दिला की खालच्या कडेला रंगाची ओळंबलेली धार जमते. पुढचा फटकारा तिला उचलून खाली नेतो. ब्रश कायम भरलेला. शेवटची धार पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायची, नाहीतर ती उलटी वर चढते.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती पुढच्या पाच-दहा मिनिटांत, आणि बिघडवणारा ब्रश सुधारायला आलेला असतो. चकाकी उतरत असलेल्या वॉशमध्ये जास्त पाण्याचा ब्रश लावला की ते पाणी कमी ओल्या भागाकडे धावतं, वाटेतले रंगकण ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे फुलकोबीच्या कडेसारखी रेघ सोडतं. ढग हवे असतील तर छानच. नको असतील तर इलाज नाही. नियम: चकाकी आहे तोवर हवं ते करा, चकाकी उतरू लागली की हात मागे. ओलावा बघायला कागदाकडे समोरून नाही, उजेडाच्या विरुद्ध बाजूने तिरपं बघायचं. सुकल्यासारखा दिसला तरी हाताच्या पाठीने स्पर्श करून बघावा. थंड लागला तर पाणी अजून उडतंय. रंग सुकल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना 'जरा जास्तच गडद झाला' असं वाटलं तर बहुधा बरोबर झालंय.

दोन थरांमधल्या वीस मिनिटांत भांडी घासून होतात. गंमत नाही, खरंच तो उत्तम वापर आहे: उठून गेल्याशिवाय हात आवरत नाही.

त्याच संध्याकाळी वही कव्हरमध्ये. गठ्ठा कव्हरवर बरोबर मध्ये ठेवायचा. अस्तराच्या वरच्या पानाखाली रद्दी कागद, जाळीच्या पट्टीखाली आणि वर गोंद, मग पूर्ण पानाला मधून बाहेर गोंद, रद्दी अलगद काढून घ्यायची आणि कव्हर एकाच हालचालीत मिटायचं. उलटून दुसरी बाजू तशीच. आत दोन्हीकडे प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे ओलावा पानांत जात नाही. खाचांत विणकामाच्या दोन सुया, वर फळी, वर वजन. आता उघडून बघायचं नाही. चोवीस तास. नीट बसलं की नाही हे बघायला तासाभरात उघडलेली वही नीट बसलेली नसते, कारण ओलं अस्तर खाचेत ताणून सुरकुतलेलं असतं.

झोपण्याआधी झाडाला पाणी. कोरड्या मातीत मुळं ठिसूळ असतात आणि गोळा फुटतो, म्हणून कुंडी बदलायच्या आदल्या दिवशी.

रविवारी नवी कुंडी जुनीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटरनेच रुंद घेतली. खूप मोठ्या कुंडीत मुळं नसलेली माती ओली राहते, तिथे हवा नसते आणि मुळं सडतात. तळाला खडे घालायची सवय सोडावी. बारीक मातीतलं पाणी खड्यांच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, खड्यांच्या वरच तुंबतं, आणि मुळांसाठी असलेली जागा तेवढी कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. झाड आधी जितकं खोल होतं तितकंच खोल, वर दोन सेंटिमीटर जागा पाण्यासाठी, मग भरपूर पाणी, आठवडाभर थेट उन्हाबाहेर. खत महिनाभर नाही.

मग आठवड्याची नोंद. चार रकाने: काम, अंदाज, प्रत्यक्ष लागलेली मिनिटं, थांबलो ती जागा. अंदाज कामाआधी लिहायचा, नंतर नाही. नंतर लिहिलेला अंदाज नेहमीच शहाणा असतो. काम लागतं त्याहून लवकर होईल असं वाटतं, नियोजनातल्या या भ्रमाला कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नाव दिलं. १९९४ च्या ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३३.९ दिवसांत होईल असं म्हटलं होतं, लागले ५५.५. वहीच्या बाबतीत फरक एका जागी साचलेला दिसतो. दुमडणं आणि शिवणं अंदाजाच्या जवळपास बसलं. कव्हरला तीस मिनिटं धरली होती, लागली साठ, आणि वरची सगळी तीस मापं घेण्यात गेली. म्हणजे पुढच्या वेळी मापं आदल्या संध्याकाळी, ब्रश दुसऱ्या दिवशी. तिथे एक थांबायची जागा होती, ती दिसली नव्हती. चित्राचा रकाना उलटा निघाला: अडीच तासांत ब्रश कागदावर जेमतेम पन्नास मिनिटं होता.

रात्री वजन उतरवलं. नवी वही मधूनच फाडकन उघडायची नसते, पाठीवरचा गोंद तिथेच तडकतो. पाठ टेबलावर टेकवून आधी पुढचं कव्हर, मग मागचं, मग पुढून पाच-सहा पानं, मागून पाच-सहा, अशी दोन्हीकडून येत मध्यापर्यंत, प्रत्येक वेळी घडीजवळ हलका दाब. लिहायला सुरुवात पहिल्या पानावर करू नये. त्याला अस्तराची तीन-चार मिलिमीटर गोंदपट्टी धरून असते, ते कधीच पूर्ण उघडत नाही, आणि डावीकडची अक्षरं घडीत जातात. तिथे फक्त तारीख. बाकी दुसऱ्यापासून.